पंचवीस तासांचा रविवार

"माझं घड्याळ एक तास पुढे जाऊन राहिलं," गावंडे म्हणाला.

ब्रेमेनहून सुटलेली गाडी समुद्राकडे चालली होती. खिडकीबाहेर सपाट कुरणं होती, कुरणांवर कमरेएवढं धुकं होतं आणि त्या धुक्यावर गाईंच्या नुसत्या पाठी तरंगत होत्या. डब्यात आम्ही दोघंच होतो.

"चावीचं घड्याळ आहे, पुढे-मागे होणारच," मी म्हटलं. "फोन बघ."

"रात्री तर बरोबर होतं."

"स्टेशनवरचं घड्याळ, गाडीतली पाटी आणि माझा फोन, तिघं एकीकडे आहेत. तुझं एकटं दुसरीकडे. कोण चुकलं असेल?"

"तुमच्या कोकणात बरं आहे बाप्पा. मतदान घेऊन वेळ ठरवता." असं पुटपुटत त्यानं चावी ओढली आणि काटे मागे फिरवले.

ते घड्याळ त्याच्या वडिलांचं. अकोल्याच्या एसटी डेपोतून निवृत्त होताना त्यांना मिळालेलं. आता पोरगा इंजिनिअर होऊनच येणार म्हणून त्यांनी ते उन्हाळ्यात एका ओळखीच्या माणसाबरोबर त्याला पाठवून दिलं होतं. पोरगा द्रवगतिकीच्या परीक्षेत दोनदा नापास झाला आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. तिसरी आणि शेवटची संधी दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी नऊ वाजता होती. तोंडी परीक्षा. तीही गेली की विद्यापीठातून नाव कमी होतं. तिकडे असा नियमच आहे.

मी एप्रिलमध्ये तिथे पदार्थविज्ञान शिकायला आले होते. गावंडे त्याआधी दीड वर्षापासून होता. वसतिगृहात आमचं स्वयंपाकघर एक होतं, एवढीच सुरुवातीची ओळख. विद्यार्थ्यांच्या पासावर आसपासच्या सगळ्या गाड्यांतून फिरता यायचं, म्हणून मी प्रत्येक रविवारी कुठेतरी जायचे. दलदलीत, पवनचक्क्या बघायला, एकदा तर नुसतं एका गाडीच्या शेवटच्या स्टेशनपर्यंत. गावंडे कधी यायचा नाही. अभ्यास आहे म्हणायचा. पण गेले चार दिवस स्वयंपाकघरात त्याच्या पुस्तकाचं एकच पान उघडं होतं. एकशे अठ्ठेचाळीस. शनिवारी संध्याकाळी मी ते पुस्तक बंद केलं आणि म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर चल. चारपर्यंत परत येऊ. डोकं तरी मोकळं होईल."

"कुठं?"

"समुद्राच्या तळावर."

"ज्या पाण्यानं मले दोनदा नापास केलं त्याच्याच घरी?"

"पाणी घरी नसेल. तेवढ्यात जाऊन येऊ."

त्याला गंमत वाटली असावी. अकोल्याच्या गावंडेनं समुद्र एकदाच, विमानातून पाहिला होता.

बांधावर पोचलो तेव्हा दहाला दहा कमी होते. तिथला किनारा आपल्यासारखा नसतो. गवताचा उंच बांध, बांधाला मेंढ्या, आणि पलीकडे ओहोटीच्या वेळी समुद्र मैलोन् मैल निघून जातो. मागे राहतो तो ओला, चमकणारा तळ. त्यावरून लोक चालत जातात. वाट कळावी म्हणून बर्चच्या फांद्या रोवलेल्या असतात, रांगेत, एकामागून एक, आणि धुक्यात चौथी-पाचवी फांदी पुसट होत जाते.

बांधावर पाण्याच्या वेळांची पाटी होती. ओहोटी दहा सत्तावीस.

"म्हणजे झालंच की आता," गावंडे म्हणाला.

"थांब. खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय? उन्हाळी वेळेसाठी एक तास मिळवा. म्हणजे अकरा सत्तावीस. आता माझा हिशोब ऐक. आज तिथी काय?"

"मले विचारते?"

"सप्तमी. साताचे पाऊण सव्वापाच. सव्वापाचला भरती. त्यात सहा तास बारा मिनिटं मिळव, की ओहोटी."

त्यानं बोटांवर मोजलं. "अकरा सत्तावीस! च्यामारी."

हा हिशोब माझ्या बाबांचा. रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीत बाबा तर चालवतात, म्हणजे माणसं आणि दुचाक्या या काठावरून त्या काठावर नेणारी होडी. तिथी घ्यायची, तिचे पाऊण करायचे, भरतीची वेळ मिळते. लहानपणापासून मला तो तोंडपाठ. सप्टेंबरात मी याच बांधावर एकटीनं येऊन तो पडताळला होता. पाटीच्या वेळेत एक तास मिळवला की पाटी आणि बाबा यांच्यात फक्त चार मिनिटांचा फरक पडत होता. हजारो मैलांवरचा समुद्र माझ्या बाबांचं ऐकतो, याचा मला इतका आनंद झाला होता की चार मिनिटांच्या फरकाचं कारणही मी शोधून ठेवलं होतं.

आम्ही उतरत होतो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ कुत्रा घेऊन वर येत होते. त्यांनी आमच्या गमबुटांकडे पाहिलं, मग मनगटाकडे, आणि म्हणाले, "तुम्हाला उशीर झालाय."

मी त्यांना नम्रपणे समजावलं की अजून दीड तास पाणी उतरतच राहणार आहे. पाटीच्या तळटिपेकडे बोट दाखवलं. चंद्राचंही काही सांगितलं. माझं जर्मन तेव्हा बेताचं होतं, पण आत्मविश्वास भरपूर. त्यांनी ऐकून घेतलं, खांदे उडवले आणि कुत्र्याला हाक मारून निघून गेले.

पुढचे दोन तास मला अजून, सहा वर्षांनंतरही, मिनिटामिनिटानं आठवतात, आणि तरीही ते खरे घडले असं वाटत नाही.

वाळू कडक होती आणि तिच्यावर लाटांच्या खुणा, धुण्याच्या फळीसारख्या. प्रत्येक खळग्यात बोटभर पाणी आणि प्रत्येक पाण्यात आभाळाचा एकेक तुकडा. धुकं पांढरं होतं आणि जमीनही पांढरी, त्यामुळे क्षितिज नव्हतंच. आपण उभे आहोत की तरंगतो आहोत, हे पायांना विचारावं लागत होतं. जागोजागी वाळूच्या बारीक कुरडया घातल्यासारख्या दिसत होत्या. गावंडे उकिडवा बसला.

"हे कोणं करून ठेवलं?"

"किडे. वाळू गिळतात, अन्न काढून घेतात, उरलेली बाहेर टाकतात."

"म्हणजे माझ्यासारखे. मी पण पुस्तक गिळतो, जसंच्या तसं बाहेर टाकतो. मधात काही राहत नाही."

मी हसले. तो हसला नाही. थोड्या वेळानं मात्र तो पुढे चालू लागला, हात पसरून, आरशावरून चालावं तसा, आणि मोठ्यानं कोणाशी तरी बोलू लागला. जवळ गेल्यावर कळलं की तो पृष्ठभागावरच्या सुरकुत्या समजावून सांगतोय. पाणी उथळ असेल तर लाटेचा वेग फक्त खोलीवर ठरतो, खोलीच्या वर्गमुळावर. म्हणून लाट काठाजवळ आली की तिचे पाय जड होतात आणि मागची तिच्यावर चढते. हे सगळं त्यानं वऱ्हाडीत सांगितलं, आणि मी आयुष्यात ऐकलेलं ते सगळ्यात सोपं विवेचन होतं.

"तुला हे येतं," मी म्हटलं.

"तुले सांगता येते. तिथं तो टायवाला समोर बसला की जीभ टाळूले चिकटते. मागच्या वेळी मी तीन मिनिटं नुसता त्याच्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहत होतो."

साडेअकराला आम्ही वाटेच्या टोकाच्या उंचवट्यावर पोचलो. समोरच्या पट्ट्यावर सील पहुडले होते, ओल्या पोत्यांसारखे, नऊ. त्यातला एक मान वर करून आमच्याकडे बघत होता. आम्ही पोळी आणि लसणाची चटणी खाल्ली. गावंडेनं सीलांना नावं ठेवली. सगळी वडिलांच्या डेपोतल्या कंडक्टरांची. अर्धा तास कसा गेला कळलं नाही. मग मी खाली पाहिलं. खळग्यांतलं पाणी हलत होतं. सगळं एकाच दिशेला, किनाऱ्याकडे.

"निघूया," मी म्हटलं.

"एवढ्यात? तू तर म्हणाली एकपर्यंत वेळ आहे."

"निघूया रे."

आम्ही भराभर चाललो. पण वाटेच्या मध्यावर, येताना जो ओहळ आम्ही घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडला होता, तो आता रुंद झाला होता. मी आत पाऊल टाकलं. गुडघा, मांडी. गार पाण्यानं श्वास अडकला, आणि पायाखालची वाळू ओढली जात होती. पलीकडचा काठ धुक्यात कुठे आहे तेही दिसत नव्हतं. गावंडेनं मागून माझी बॅग धरली आणि मला खेचून बाहेर काढलं.

"मले पोहता येत नाही," तो शांतपणे म्हणाला. जणू आत्ताच आठवलं.

मागे शंभरेक पावलांवर एक उंच लाकडी खांब होता, चार टेकूंवर उभा. त्याला शिडी, आणि वर कठड्याचा पिंजरा. पाण्यात अडकलेल्यांसाठी असे पिंजरे तिथे बांधून ठेवलेले असतात. आम्ही चढलो. आत लाकडी फळी होती आणि मदतीच्या फोन नंबरची पत्र्याची पाटी.

गावंडे फळीवर बसला, चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाला, "हे तर आमच्या वावरातलं मचाण."

बारा चाळीस झाले होते. खाली वाळूचे तुकडे लहान होत चालले होते. एकेक तुकडा आधी बेट व्हायचा, मग सावली, मग काहीच नाही. लाट अशी नव्हतीच. आवाज फक्त खांबांशी, चुळुक चुळुक. समुद्र येत नव्हता, असतच चालला होता.

"असं कसं झालं पण?" त्यानं विचारलं.

"वारा असेल. कधी कधी वाऱ्यानं भरती लवकर येते."

"वारा कुठं आहे?"

वारा नव्हता. फांद्यांच्या टोकाचं एक पानसुद्धा हलत नव्हतं. "गणित बरोबर आहे," मी म्हटलं. "दोन वेगळ्या रीतींनी काढलंय. समुद्रच चुकलाय."

"त्याले नापास करू," गावंडे म्हणाला.

मी फोन काढला आणि पाटीवरचा नंबर लावायला सुरुवात केली. तीन आकडे झाले असतील. त्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"नको करू."

"काय?"

"फोन. नको करू. इथं धोका नाही ना? बसून राहू. पाणी कधी उतरंल?"

"रात्री दहा-साडेदहाला कुठे वाट मोकळी होईल. आणि अंधारात चालता येणार नाही. आपली शेवटची गाडी नऊची आहे, गावंडे. उद्या सकाळी नऊला—"

"माहीत आहे मले उद्या नऊला काय आहे." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मी गेलोच नाही तर? समुद्रात अडकलो होतो. कोणी काही म्हणू शकते का? घरी सांगता येईल. परीक्षा होती, पण समुद्र आला. नापास झालो असं नाही ना मग. मी ढ आहो असं नाही."

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर."

मी फोन खाली ठेवला. खरं सांगायचं तर मलाही तो लावायचा नव्हता. लावला असता तर पलीकडच्या माणसाला सांगावं लागलं असतं की मी, विज्ञानाची विद्यार्थिनी, होडीवाल्याची मुलगी, पाटी वाचूनसुद्धा पाण्यात अडकले. आणि त्याला कशी चूक झाली ते सांगावं लागलं असतं, जे मला माहीतच नव्हतं. मचाण कोरडं होतं. बॅगेत चार पोळ्या होत्या. धुकं आता खालून उजळलं होतं, कुठून तरी सूर्य येत असावा, आणि सगळीकडे एकच दुधी, सपाट उजेड होता ज्यात दिवसाची कुठलीच वेळ ओळखता येत नव्हती. मला वाटलं, असंच बसून राहावं. कुणीच काही कबूल करायला नको. आम्ही दोघं एकमेकांना काही न बोलता त्याच गोष्टीला हो म्हणत होतो.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बाबांचा.

बाबा दर रविवारी संध्याकाळी, पाचची फेरी मारून आले की मला फोन करतात. घड्याळ लावावं इतका नेमका. तिथले सव्वापाच, माझ्याकडचे पावणेदोन. एप्रिलपासून कधी चुकलं नव्हतं. मी फोनकडे पाहिलं. बारा पंचेचाळीस.

"बाबा, आज लवकर?"

"लवकर काय गो? सव्वापाच झाले. नेहमीचाच टाइम." मागे कुणीतरी दोर ओढायला सांगत होतं. "जेवलीस काय?"

डोक्यात काहीतरी सावकाश सरकत होतं. बाबांचा फोन एक तास लवकर आला नव्हता. माझं घड्याळ एक तास मागे गेलं होतं. रात्री, मी झोपेत असताना, आपोआप. फोन, स्टेशन, गाडी, सगळी एकदम. तिकडे मार्चअखेर सगळी घड्याळं एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात; ती उन्हाळी वेळ आज पहाटे संपली होती. वसतिगृहाच्या दारावर तशी चिठ्ठीही लावलेली होती, मी ती वाचली होती आणि ती भिंतीवरच्या घड्याळांविषयी आहे असं समजून पुढे गेले होते. पाटीवर दहा सत्तावीस होते ते दहा सत्तावीसच होते. तळटीप आज लागू नव्हती. आणि बाबांचा हिशोब इथे कधी लागूच नव्हता. उन्हाळी वेळेच्या एका तासामुळे तो योगायोगानं जुळत होता. माझे दोन साक्षीदार एकाच खोटेपणावर उभे होते, आणि आमच्या अकरा सत्तावीसला धरून एकटाच खरं बोलत होता तो गावंडेच्या मनगटावर, अजून उन्हाळी वेळेतच. त्यालाही मी सकाळी माझ्यासारखं करायला लावलं होतं.

"बाय गो? ऐकतेस ना? कुठे आहेस?"

गावंडे मान हलवत होता. सांगू नको.

"मी खोलीवर..." एवढंच म्हटलं.

"नाय," बाबा म्हणाले. "खोलीवर नाय तू. लाकडाला पाणी लागतंय. चढतं पाणी आहे ते. आवाज कळतो मला. खरं सांग, कुठे आहेस?"

"समुद्रात," मी म्हटलं. "खांबावर. बाबा, मी चुकले."

"किती?"

"अं?"

"किती चुकलीस?"

"एक तास."

"बरोबर कोण?"

"मित्र आहे. अकोल्याचा."

"जागा सुकी आहे?"

"हो."

"मग रडतेस कशाला?"

मी रडत होते हे मला तेव्हा कळलं. मी सगळं सांगितलं. तिथी, पाटी, सप्टेंबर, तळटीप. बाबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाले, "अगो, पण तो हिशोब आपल्या खाडीचा. माझा बापूस सांगायचा, खाडीच्या तोंडाच्या बाहेर तो चालत नाय. परक्या बंदरात गेलं की तिथल्या माणसाला विचारायचं. विचारलंस कुणाला?"

"एका आजोबांनी स्वतःहून सांगितलं होतं. उशीर झालाय म्हणून."

"मग?"

"मी त्यांना आपला हिशोब समजावून सांगितला."

बाबा हसायला लागले. असे हसले की दोर ओढणाऱ्या माणसानं विचारलं काय झालं, आणि बाबांनी त्यालाही सांगून टाकलं, आणि मग दोघं हसले. "मी एकदा वऱ्हाड रुतवलेलं गाळात," बाबा म्हणाले, "तुझ्या जन्माच्या आधी. सहा तास. नवरी आत, नवरा काठावर, भटजी काठावरून ओरडतोय मुहूर्त चालला म्हणून. शेवटी लाडवांचं पातेलं उघडलं. अजून ती बाई तरीत बसली की मला विचारते, आज पोचवणार ना? चल, फोन ठेव. तिथल्या माणसांना फोन लाव. लाजू नको."

फोन ठेवला. खालचं शेवटचं वाळूचं बेट नाहीसं झालं होतं.

"चिडले नाही," गावंडे म्हणाला.

"नाही."

"किती चुकली, असं विचारलं त्यांनी. काहून चुकली असं नाही विचारलं."

"घड्याळ बदललं आज. सरकारी. वर्षातून दोनदा बदलतं. तू इथे दोन वर्षं आहेस ना?"

"मागच्या वर्षी त्या दिवशी मी दुपारी दोनले उठलो होतो. मले काय माहीत." त्यानं मनगटाकडे पाहिलं. "म्हणजे माझं बरोबर होतं."

"हो. माझं चुकलं. सकाळीही."

मी पुन्हा नंबर लावायला घेतला. या वेळी त्यानं हात धरला नाही, पण त्याचा चेहरा मी पाहू शकले नाही. पलीकडे एक बाई होत्या. मी जर्मनमध्ये सांगितलं की माझा हिशोब एक तासानं चुकला आहे. त्या म्हणाल्या, या रविवारी कुणीतरी चुकतंच, दरवर्षी, घाबरू नका. पण लगेच येता येणार नाही. होडी तरंगायला पाणी लागतं. अजून तासाभरानं पुरेसं होईल.

"काय म्हणाल्या?"

"पाणी वाढलं की येतील."

तो विचारात पडला. "म्हणजे ज्याच्यानं अडकलो तेच वाढावं लागते."

आता करण्यासारखं काहीच नव्हतं. आम्ही पाय खाली सोडून बसलो. पाणी दुधासारखं होतं आणि वरचं आभाळही, आणि मधे आमचं मचाण, कशालाच न टेकलेलं. एक पक्षी आला, कठड्यावर बसला, आमच्याकडे पाहून त्याचा काहीतरी गैरसमज झाला असावा, उडून गेला. किती वेळ गेला कोण जाणे. त्या दिवसाला पंचवीस तास होते. मला सारखं वाटत होतं, तो जास्तीचा तास रात्री आलाच नव्हता. तो हाच.

गावंडेनं फोन काढला. बराच वेळ नुसता हातात धरला. मग कानाला लावला.

"हॅलो, बाबा... हाव, मीच... नाही, खोलीवर नाही. समुद्रात आहो... नाही, बुडून नाही राहिलो, मचाणावर आहो... ऐका ना जरा. आईले देऊ नका, तुम्हीच ऐका." त्याची जीभ टाळूला चिकटलेली मला दिसत होती. मी दुसरीकडे पाहिलं. "मी एका विषयात नापास झालो. दोनदा. पहिल्यांदा मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये. सांगितलं नाही तुम्हाले."

खाली चुळुक चुळुक. मग इतका मोठा आवाज आला की मला स्पष्ट ऐकू आला.

"मंग तिसऱ्यांदा कधी आहे?"

"उद्या सकाळी."

"उद्या सकाळी? मंग तू समुद्रात काय करून राहिला बे?"

गावंडे हसला. रडतानाचं हसू होतं ते, नाक फेंदारलेलं, पण हसूच. "येतो ना. होडी येऊन राहिली. तेच्यात नाही झालो पास तर इथून काढतात, बाबा. घरी यावं लागंल."

त्याचे वडील काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. तो नुसता "हाव, हाव" म्हणत होता, आणि मोकळ्या हातानं कठड्याच्या लाकडाचा एक टवका काढत होता.

सव्वादोनला केशरी होडी धुक्यातून आली. दोघांनी आम्हाला ब्लँकेटं दिली आणि काही विचारलं नाही. पाचच्या आत आम्ही वसतिगृहात होतो. रात्री स्वयंपाकघरात गेले तेव्हा त्याचं पुस्तक एकशे साठाव्या पानावर होतं.

सोमवारी मी लेक्चर बुडवून त्याच्या विभागात गेले आणि परीक्षेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसले. दार बंद होतं. आतून एकच आवाज येत होता, परीक्षकांचा, आणि त्यानंतर लांब शांतता. मग पुन्हा तोच आवाज. एकदा मला गावंडेचाही आवाज ऐकू आला, तीन-चार वाक्यं, आणि मी बाकाची कड घट्ट धरली. मग पुन्हा शांतता.

पंचवीस मिनिटांनी दार उघडलं. तो बाहेर आला. माझ्याकडे पाहिलं नाही. दार मागे लागायच्या आत त्यानं खिशातून फोन काढला होता. मी मोजलं, सवयच आहे मला. दारापासून फोन लागेपर्यंत नऊ सेकंद.

"बाबा. नाही झालं." तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. आवाज सरळ होता. "लाटांचंच विचारलं. येत होतं मले. अर्धं बोललो, मंग अडकलो... हाव, संपलं आता. हाव... आईले तुम्ही सांगा. नाही, मीच सांगतो, द्या तिले."

पहिल्या नापासाची बातमी घरी पोचायला चौदा महिने लागले होते.

आईशी बोलून झाल्यावर तो येऊन माझ्या शेजारी बसला. कॉरिडॉरमध्ये पुढचा विद्यार्थी आला होता, वही छातीशी धरून ओठ हलवत. गावंडे त्याच्याकडे बघत राहिला. मग जरा सरकून त्याला बाकावर जागा करून दिली.

"कागदपत्रं होईपर्यंत तीन-चार आठवडे तर राहू देतील मले," तो मला म्हणाला. "आता अभ्यास नाही काही. येत्या रविवारी कुठं जायचं?"

"तू सांग," मी म्हटलं.